सोंगाला मिळालेली पसंती

१ जानेवारी १५४०. इंग्लंडमधल्या रॉचेस्टर गावी एका खिडकीशी चोवीस वर्षांची तरुणी उभी होती. खाली अंगणात बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडण्याचा त्या काळचा लोकप्रिय खेळ चालला होता आणि ती तो पाहत होती. ही क्लीव्हची अ‍ॅन, जर्मन मुलखातल्या क्लीव्ह संस्थानच्या ड्यूकची बहीण. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्याशी तिचं लग्न ठरलं होतं. करारमदार झाले होते आणि ऐन हिवाळ्यात लांबचा प्रवास करून ती सासरी निघाली होती. दोघांनी एकमेकांना अजून पाहिलेलं नव्हतं. हान्स होल्बाइन या दरबारी चित्रकारानं काढलेलं तिचं चित्र तेवढं हेन्रीनं पाहिलं होतं.

अचानक काही अनोळखी माणसं खोलीत शिरली. अंगावर झगे, डोकी झाकलेली. त्यातल्या एका धिप्पाड माणसानं सरळ तिला मिठी मारली, तिचं चुंबन घेतलं आणि राजानं पाठवलेली नववर्षाची भेट दाखवली. अ‍ॅन गोंधळली. तिनं थोडक्यात आभार मानले आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागली. तो माणूस बाहेर गेला आणि जांभळ्या मखमलीचा अंगरखा चढवून परत आला. सरदार त्याच्यापुढे झुकले तेव्हा अ‍ॅनला उमगलं, की मघाचा तो आगंतुक म्हणजेच आपला होणारा नवरा.

हेन्री असा का वागला? राजानं वेश पालटून वाग्दत्त वधूला गाठायचं आणि तिनं राजवस्त्रांवाचूनही त्याला ओळखायचं, ही शूर सरदारांच्या प्रेमकथांतून आलेली कल्पना त्या काळच्या राजघराण्यांत रुजलेली होती. हेन्रीला तर तरुणपणापासून या खेळाची हौस. १५१० साली तो आणि त्याचे सोबती रॉबिन हूडच्या टोळीचा वेश करून त्याची पहिली राणी कॅथरीन हिच्या महालात घुसले होते. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता, देखणा होता आणि राणी त्याला चांगलं ओळखत होती. रॉचेस्टरला आला तो अठ्ठेचाळीस वर्षांचा, स्थूल, पायाच्या जुन्या जखमेनं बेजार झालेला माणूस. अ‍ॅनच्या लेखी तो कुणी परका प्रौढ होता आणि न विचारता तिच्या अंगचटीला आला होता. तिच्या जागी कुणीही असतं तरी तोंड फिरवलं असतं.

पण हेन्रीला ते लागलं. मुलगी मनात भरली नाही, असं त्यानं तिथून निघतानाच सांगून टाकलं. ६ जानेवारीला लग्न झालं आणि ९ जुलैला ते रद्द झालं. हे लग्न जुळवणारा मंत्री टॉमस क्रॉमवेल याचं डोकं २८ जुलैला उडवण्यात आलं. त्यामागे राजकारणही होतंच. तरी त्या पहिल्या भेटीकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट दिसते. सोंग हेन्रीनं घेतलं, परीक्षा अ‍ॅनची झाली, आणि आपली परीक्षा चालू आहे हे तिला माहीतच नव्हतं.

आवडत्या माणसावर छाप पाडण्यासाठी आपण जे नाही ते असल्याचं दाखवणं हा प्रकार राजांपुरता कधीच नव्हता. आजही पहिल्या भेटीला जाताना कुणी मित्राची गाडी आपली म्हणून नेतं, कुणी पगार वाढवून सांगतं, कुणी न वाचलेली पुस्तकं वाचल्याचं सांगतं, तर कुणी आपलं लग्न झालेलं आहे ही गोष्टच दडवतं. या सगळ्याला आपण सरसकट ‘थापा’ म्हणतो. पण त्यांची प्रत सारखी नाही. कुठली थाप माणसाच्या स्वभावाचा भाग म्हणून सोडून द्यावी आणि कुठली दुसऱ्याच्या आयुष्यावरचा घाला मानावी, हे ठरवण्यासाठी एक कसोटी लागते. ती शोधण्याचा प्रयत्न या प्रकरणात करायचा आहे.

टेप, वजनकाटा आणि लायसन्स

डेटिंगच्या संकेतस्थळांवर सगळेच खोटं लिहितात, असा समज आहे. तो तपासायचा तर काय करायचं? कॅटलिना टोमा, जेफ्री हॅनकॉक आणि निकोल एलिसन या अमेरिकेतल्या संशोधकांनी सरळ मार्ग धरला. न्यूयॉर्क शहरात अशा संकेतस्थळांवर माहिती टाकलेल्या ८० स्त्री-पुरुषांना त्यांनी प्रयोगशाळेत बोलावलं. टेप लावून उंची मोजली, काट्यावर उभं करून वजन घेतलं आणि वाहन परवान्यावरून वय पाहिलं. मग हे आकडे प्रत्येकाच्या प्रोफाइलमधल्या आकड्यांशी ताडून पाहिले. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला.

दहातल्या आठ जणांनी तीनपैकी किमान एका बाबतीत खोटं लिहिलं होतं. वजनाबद्दल सुमारे ६० टक्के लोकांनी, उंचीबद्दल जवळपास निम्म्यांनी आणि वयाबद्दल पाचातल्या एकानं. पुरुषांचा कल उंची वाढवण्याकडे होता, स्त्रियांचा वजन कमी दाखवण्याकडे. इथवर वाचलं की समज खरा ठरल्यासारखा वाटतो. पण खरी गंमत फरकांच्या आकारात आहे. बहुतेकांचं खोटं इतकं थोडं होतं, की समोरासमोर भेटल्यावर नुसत्या डोळ्यांना ते कळलंही नसतं. लोकांनी उंची वाढवली ती बूट घालून उभं राहिल्यासारखी. आपण विवाहित आहोत की एकटे, या माहितीत मात्र सर्वांत कमी फेरफार केल्याचं सहभागी लोकांनी सांगितलं, आणि सर्वांत जास्त छायाचित्रांत.

याचं कारण उघड आहे. हे लोक कधीतरी भेटणार होते. भेटीत उघडं पडेल इतकं मोठं खोटं बोलून चालणार नव्हतं आणि अगदी जसंच्या तसं लिहिलं तर भेटीची वेळच येणार नाही, अशी भीती होती. या दोन टोकांमध्ये प्रत्येकानं आपापली जागा शोधली. त्या आधीच्या, २००६ सालच्या एका अभ्यासात एलिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असंही आढळलं होतं, की कित्येक जण आपल्या मनातल्या स्वतःचं वर्णन करतात. थोडं वजन उतरल्यावर, पुन्हा व्यायाम सुरू केल्यावर आपण जसे असू, तसे. त्यांच्या दृष्टीनं ती थाप नसते, स्वतःला दिलेला शब्द असतो.

समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी १९५०च्या दशकातच माणसाच्या रोजच्या वागण्याची तुलना रंगभूमीशी केली होती. पाहुणे येणार म्हणून बैठकीची खोली आवरणारं घर आणि स्वयंपाकघरात चाललेली धांदल, हे दोन्ही त्याच घराचे भाग. लोकांपुढे येताना प्रत्येक जण थोडा सजून येतो आणि त्यात समोरच्याचा मानही असतो. इस्त्रीचा शर्ट घालून भेटीला जाणं ही फसवणूक होत नाही. म्हणून पहिल्या भेटीच्या प्रत्येक सजावटीकडे संशयानं पाहणं हा माणसांवर अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं.

आवडत्या माणसासमोर आपण कोण होतो?

सजावट अंगावर असते तोवर ठीक. ती आत उतरू लागली की गोष्ट बदलते. १९७५ साली मानसशास्त्रज्ञ मार्क झाना आणि सुसान पॅक यांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात केलेला प्रयोग यासाठी वाचायलाच हवा.

विद्यार्थिनींना सांगण्यात आलं, की तुमची एका तरुणाशी भेट होणार आहे. काहींना दिलेल्या वर्णनात तो उंच, प्रिन्स्टनचाच, शेवटच्या वर्षाला असलेला, स्वतःची गाडी असलेला आणि एकटा होता. काहींना दिलेल्या वर्णनात त्याच्यात असं आकर्षण वाटण्याजोगं काही नव्हतं. सोबत त्याची मतंही कळवली होती. कधी त्याची आदर्श स्त्री घर सांभाळणारी, नवऱ्याच्या मतानं चालणारी होती, तर कधी स्वतंत्र आणि महत्त्वाकांक्षी. मग मुलींना स्वतःबद्दलची एक प्रश्नावली भरायला दिली आणि बुद्धिचाचणी म्हणून उलटसुलट अक्षरांतून शब्द जुळवायला सांगितले.

तरुण हवाहवासा असेल तर मुलींनी स्वतःचं वर्णन त्याच्या आवडीच्या साच्याकडे झुकवलं. नकोसा असेल तर त्याच्या मतांचा फारसा परिणाम झाला नाही. आणि मन अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे, हवाहवासा वाटणारा तो तरुण जुन्या वळणाच्या मतांचा आहे असं कळलेल्या मुलींची बुद्धिचाचणीतली कामगिरीही खालावली. तोच स्वतंत्र बाण्याच्या मुली आवडणारा असेल तर ती वाढली. तो तरुण कधी समोर आलाही नव्हता. नुसत्या त्याच्या अपेक्षेनं हुशार मुलींनी आपली हुशारी झाकली.

आपल्याकडे पिढ्यानपिढ्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात हेच घडत आलं. शिकलेल्या मुलीनं खाली मान घालून बसायचं, ‘स्वयंपाकाची आवड आहे का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणायचं, नोकरी सोडायला तयार असल्याचं सांगायचं. मुलानंही आपल्याला नाटकाचं वेड आहे, धंदा काढायचा आहे, हे मनातच ठेवून पक्क्या नोकरीचा सुरक्षित माणूस व्हायचं. यातल्या कुणाच्या मनात फसवायचं नव्हतं. पण पुढची तीस-चाळीस वर्षं त्या दहा मिनिटांच्या सोंगाला धरून जगण्याची पाळी पुष्कळांवर आली.

सोंग माणसाला कसं बदलतं याचा माग डायॅन टाइस यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून घेतला. एखादा गुण आपल्यात आहे असं लोकांना दुसऱ्यासमोर वागून दाखवायला सांगितलं. नंतर त्यांना स्वतःबद्दल विचारलं तेव्हा त्यांचं स्वतःविषयीचं मतही त्या गुणाकडे सरकलेलं आढळलं. हेच त्यांनी ओळख न देता, कुणी पाहत नसताना केलं तर परिणाम कमी झाला. पाहणारा डोळा असला की सोंग मनाला चिकटतं. धीटपणाचं सोंग करून कुणी खरोखर धीट झालं तर चांगलंच आहे. पण आपली बुद्धी, आपली मतं, आपली स्वप्नं आपल्याला नाहीतच असं सोंग करणाराही हळूहळू तसाच होत जातो. म्हणून छाप पाडण्यासाठी स्वतःला मोठं करून दाखवण्यापेक्षाही लहान करून दाखवण्याची किंमत जास्त असते, असं मी मानतो. मोठेपणाचा आव एक दिवस गळून पडतो, लहान करून घेतलेलं माणूस मात्र तसंच राहून जातं.

पैशाचं सोंग

सगळी सोंगं आणता येतात, पण पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. हाच विचार जीवशास्त्रात १९७५ साली इस्रायलचे पक्षितज्ज्ञ आमोत्झ झाहावी यांनी मांडला. मोराचा पिसारा बाळगायला जड आणि शत्रूच्या नजरेत भरणारा, तरी लांडोरी त्याकडे पाहून जोडीदार का निवडतात? झाहावींचं उत्तर असं, की हा बोजा सांभाळूनही जो जगतो तो धडधाकट असणारच. खूण महाग आहे म्हणूनच ती विश्वासार्ह. अशक्त मोराला ती परवडत नाही. या सिद्धान्तावर जीवशास्त्रज्ञांत पुष्कळ वाद झाले आणि अजूनही होतात. पण स्वस्तात नकलता येणारी खूण फार काळ विश्वासाची राहत नाही, हा मुद्दा डेटिंगच्या जगालाही चपखल लागू पडतो. फोटोतला समुद्रकिनारा, टेबलावर ठेवलेला महागडा फोन, हातातलं घड्याळ या सगळ्या गोष्टी एका संध्याकाळपुरत्या उसन्या मिळतात.

निसर्गातही लबाडी चालते. युरोपात आढळणाऱ्या पिसॉरा मिराबिलिस या कोळ्याच्या जातीत नर मादीला भेटायला जाताना एखादा किडा रेशमाच्या धाग्यांत गुंडाळून घेऊन जातो. मादी भेट स्वीकारते, खायला लागते आणि तेवढ्या वेळात मीलन होतं. पण काही नर रेशमात खाऊन उरलेलं किड्याचं टरफल किंवा झाडाचं बी गुंडाळतात. वरून पुडकं अगदी तसंच दिसतं. २०११ साली मारिया आल्बो आणि सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केले. रिकामी भेट आणणाऱ्या नरांनाही मीलनाची संधी खऱ्या भेटवाल्यांइतकीच मिळत होती. मात्र पुडक्यात खायला काही नाही हे कळताच माद्या मीलन लवकर थांबवत होत्या. पुडकं सोडेपर्यंत लबाडाचा फायदा आणि सोडल्यावर मादीचा हक्क, असा तो हिशोब आहे. मादीपाशी दूर होण्याचं स्वातंत्र्य असतं, हे यातलं महत्त्वाचं.

विदर्भाची राजकन्या

सोंग ओळखायचं कसं, याची आपल्या परंपरेतली सर्वांत सुंदर कथा विदर्भातली आहे. महाभारताच्या वनपर्वात येणारी दमयंती ही विदर्भाच्या भीमराजाची मुलगी. तिचं मन निषध देशाच्या नलराजावर जडलेलं. तिच्या रूपाची कीर्ती ऐकून इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चार देवही स्वयंवराला आले. त्यांनी आधी नलालाच दूत म्हणून तिच्याकडे पाठवलं. तिनं देवांना नकार देऊन नलालाच वरण्याचा निश्चय सांगितला. मग स्वयंवराच्या मंडपात दमयंती माळ घेऊन आली तेव्हा तिला एकसारखे पाच नल दिसले.

देवांना आपलं ऐश्वर्य दाखवून तिच्यावर छाप पाडता आली असती. पण तिचा कल त्यांना ठाऊक होता, म्हणून त्यांनी तिच्या आवडत्या माणसाचंच रूप घेतलं. दुसऱ्याचं सोंग घेऊन पसंती मिळवण्याचा हा सगळ्यात टोकाचा प्रकार. दमयंतीनं देवांच्या खुणा आठवून पाहिल्या, तरी फरक कळेना. तेव्हा तिनं हात जोडून देवांनाच विनवलं. मी मनानं आणि वाचेनं नलाशी एकनिष्ठ आहे, त्या सत्याच्या बळावर मला तो दाखवा, अशा अर्थाचं तिचं मागणं होतं. देव द्रवले आणि त्यांनी आपल्या खुणा प्रकट केल्या. त्या चौघांना घाम नव्हता, पापणी लवत नव्हती, गळ्यातल्या माळा ताज्या होत्या, अंगाला धूळ नव्हती, पाय जमिनीला टेकत नव्हते. पाचव्याची सावली पडत होती, माळ कोमेजली होती, अंगावर धूळ आणि घाम होता. दमयंतीनं त्याच्या गळ्यात माळ घातली.

ही कथा महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा सांगितली गेली. रघुनाथ पंडितांचं ‘नलदमयंतीस्वयंवराख्यान’ तर मराठी आख्यानकाव्यातलं लेणं मानलं जातं. त्या मंडपातला विवेक आजही कामाचा आहे. निर्दोषपणा ही देवांची खूण होती. घाम, धूळ आणि कोमेजलेलं फूल ही माणसाची. ज्याच्या बोलण्यात एकही फट नाही, ज्याला कधी अपयश आलं नाही, ज्याच्या प्रत्येक फोटोत उजेड अचूक पडलेला आहे, त्याच्यापाशी थोडं थांबून चौकशी करावी. आणि आपल्याला कुणी ओळखावं असं वाटत असेल तर आपली सावली लपवू नये.

परंपरेतली सगळी सोंगं मात्र एका माळेत ओवता येत नाहीत. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त शंकर ब्रह्मचाऱ्याच्या वेशात तपस्विनी पार्वतीकडे येतो आणि तिच्यापुढे शंकराचीच निंदा करतो. ती संतापून निघू लागते तेव्हा तो मूळ रूपात प्रकटतो. हे मन पाहण्यासाठी घेतलेलं सोंग, आणि निर्णयाची वेळ येण्याआधी ते उतरवलेलं. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८२ सालच्या ‘संगीत सौभद्र’ नाटकात अर्जुन संन्यासी होऊन बलरामाच्या घरी राहतो. सुभद्रेचं त्याच्यावर आधीपासून प्रेम आहे. दुर्योधनाशी तिचं लग्न लावायला निघालेल्या थोरल्या भावाला चकवण्यासाठी तो वेश आहे. सुभद्रेची पसंती त्या भगव्या वस्त्रांवर उभी नाही, म्हणून प्रेक्षकांना ते सोंग आजवर गोड वाटत आलं.

उसने शब्द

रूप आणि पैसा यांच्याइतकीच भुरळ शब्दांची पडते. एदमाँ रोस्ताँ या फ्रेंच नाटककाराचं ‘सिरानो द बेर्जराक’ हे नाटक १८९७च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये रंगभूमीवर आलं, ते याच विषयावर. सिरानो तलवारबहाद्दर आणि कवी, पण नाकानं बेढब. रोक्सानवर त्याचं प्रेम आहे आणि ते बोलून दाखवायची त्याला हिंमत नाही. ख्रिस्तियाँ देखणा, पण त्याला दोन शब्द धड जुळवता येत नाहीत. दोघं मिळून एक प्रियकर तयार करतात. चेहरा एकाचा, पत्रं दुसऱ्याची. रोक्सान त्या पत्रांनी इतकी भारावते, की तू कुरूप असतास तरी मी तुझ्यावर प्रेम केलं असतं, असं ती ख्रिस्तियाँला सांगते. तिला वाटतं ती त्याला सर्वांत मोठं सुख देत आहे. त्याच्या मात्र त्याच क्षणी लक्षात येतं, की आपल्यावर प्रेम झालेलंच नाही.

सोंग यशस्वी झालं तर काय होतं, हे या नाटकाइतकं नेमकं क्वचितच कुणी दाखवलं असेल. फसलेलं सोंग मानहानी करतं. यशस्वी सोंग एकटं पाडतं. कौतुक कानावर येतं, पण ते आपल्या पत्त्यावर आलेलं नसतं. ख्रिस्तियाँ लढाईत मरतो आणि सिरानो पुढची पंधरा वर्षं गप्प राहतो. तिघांतल्या एकालाही हवं ते मिळत नाही.

आज संगणकाला विचारलं तर तो क्षणात प्रेमपत्र लिहून देतो, समोरून आलेल्या निरोपाला चटकदार उत्तर सुचवतो. लाजाळू माणसाला सुरुवातीला थोडी मदत झाली तर बिघडत नाही. पूर्वीही मित्र मजकूर सुचवतच होते. पण रात्ररात्र चाललेल्या गप्पा जर यंत्रानं लिहिल्या असतील, तर ज्या विनोदबुद्धीवर, ज्या समजूतदारपणावर कुणी जीव टाकला, तो माणूस भेटीच्या दिवशी टेबलापाशी आलेलाच नसतो.

निर्णय कोणाचा?

आता कसोटीकडे येऊ. सोंगाचा बरेवाईटपणा त्याच्या आकारावरून ठरत नाही. समोरच्यानं ज्या माहितीच्या आधारे ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं, तीच माहिती आपण बदलली का, यावरून तो ठरतो. दोन इंच वाढवलेली उंची भेटताच कळते आणि समोरचा उठून जाऊ शकतो. दडवलेलं लग्न कळत नाही, आणि कळेपर्यंत दुसऱ्याचा होकार, वेळ, शरीर, पैसा यातलं बरंच काही घेऊन झालेलं असतं.

या दुसऱ्या टोकाचं जगभर गाजलेलं उदाहरण सायमन लेव्हिएव्ह याचं. इस्रायलमध्ये जन्मलेल्या या माणसाचं मूळ नाव शिमोन हायुत. टिंडर या ॲपवर तो हिऱ्यांच्या एका प्रसिद्ध व्यापाऱ्याचा मुलगा म्हणून वावरला. खासगी विमान, महागडी हॉटेलं, अंगरक्षक असा थाट त्यानं मांडला. मग शत्रू मागे लागल्याचं सांगून, आपली कार्डं बंद झाल्याचं सांगून तो मैत्रिणींना कर्जं काढायला लावी. एकीकडून उकळलेल्या पैशांवर दुसरीसमोरचा थाट उभा राही. नॉर्वेतल्या ‘व्हीजी’ या वृत्तपत्रानं २०१९ साली हे प्रकरण बाहेर काढलं आणि २०२२ साली त्यावरचा माहितीपट जगभर पाहिला गेला. इस्रायली न्यायालयानं २०१९मध्ये जुन्या फसवणुकीच्या गुन्ह्यांसाठी त्याला पंधरा महिन्यांची शिक्षा दिली आणि पाच महिन्यांत तो सुटला. त्याला भुललेल्या स्त्रियांना लोकांनी ‘लोभी’ म्हणून हिणवलं, याचा मला राग येतो. महाग खूण खोटी नसते, या माणसाच्या जुन्या आडाख्यावर त्यांनी विश्वास ठेवला होता आणि त्या खुणेचे पैसे आधीच्या स्त्रीनं भरले होते. ज्याचं सोंग आणता येत नाही म्हणतात, ते सोंगही दुसऱ्याच्या पैशावर आणता येतं.

असे प्रकार तुरळक नाहीत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे २०२२ या एका वर्षात प्रेमाच्या नावाखाली झालेल्या फसवणुकीच्या जवळपास ७० हजार तक्रारी आल्या आणि लोकांनी गमावलेली रक्कम १.३ अब्ज डॉलरच्या घरात होती. लाजेनं तक्रार न करणारे यात धरलेले नाहीत.

भारतातला कायदाही ही सीमारेषा ओळखतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ प्रमाणे कपटानं, किंवा पाळायचा हेतूच नसलेलं लग्नाचं वचन देऊन स्त्रीशी शरीरसंबंध ठेवणं हा दहा वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. खरी ओळख लपवून लग्न करणं हेही त्यात कपट मानलं आहे. दुसऱ्याचं रूप घेऊन फसवणं कलम ३१९ खाली येतं. संगणक किंवा फोन वापरून तेच केलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १२ नुसार जोडीदाराबद्दलच्या महत्त्वाच्या वस्तुस्थितीविषयी फसवून संमती घेतली असेल, तर विवाह रद्द करून घेता येतो. मात्र फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि कळल्यानंतरही आपखुशीनं एकत्र राहिलं तर तो हक्क उरत नाही. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

ठरवून केलेल्या लग्नांत पूर्वी चौकशी करणारे मामा-काका असत. मुलगा खरंच त्या कचेरीत आहे का, मुलीचं शिक्षण सांगतात तेवढं आहे का, हे चार ठिकाणांहून कळे. त्या चौकशीत जात, हुंडा आणि संशय यांचंही ओझं होतं, तेव्हा ती जशीच्या तशी परत यावी असं कुणी म्हणणार नाही. पण ॲपवर भेटणाऱ्या दोघांमध्ये एकही समाईक ओळखीचा माणूस नसतो, ही नवी परिस्थिती आहे. म्हणून लवकर व्हिडिओ कॉल करणं, पहिल्यांदा भेटताना गजबजलेली जागा निवडणं, मैत्रिणीला किंवा भावाला सांगून जाणं, मित्रमंडळींशी ओळख करून देण्याची मागणी करणं यात कुणाचा अपमान नाही. खऱ्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही.

प्रेमातली पसंती आणि संसारातली पसंती

शेवटचा प्रश्न उरतो. कायद्यात न बसणारी, कुणाचं फारसं नुकसान न करणारी सोंगंही टाळावीत का? यावर विल्यम स्वान आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं १९९४ सालचं संशोधन मोलाचं आहे. त्यांनी प्रेमात असलेल्या आणि लग्न झालेल्या जोडप्यांची तुलना केली. प्रेमाच्या दिवसांत, जोडीदार आपल्याला जितका चांगला समजतो तितकी माणसांना त्याच्याविषयी जवळीक वाटत होती. लग्न झालेल्यांमध्ये चित्र बदललेलं होतं. तिथे सर्वांत जास्त जवळीक होती ती आपल्याला आपण जसे आहोत असं वाटतं तसंच पाहणाऱ्या जोडीदाराविषयी. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत फारसं चांगलं नव्हतं, त्यांनाही आपल्याला भलतंच थोर समजणाऱ्या जोडीदाराजवळ तितकी जवळीक वाटत नव्हती.

भेटीगाठींच्या काळात आपल्याला वाहवा हवी असते. एकत्र राहायला लागल्यावर आपल्याला कुणी ओळखणारं हवं असतं. थकून घरी आल्यावर, नोकरीत अपयश आल्यावर, आजारपणात, आपण कोण आहोत हे समोरच्याला पुन्हा समजावून सांगायला लागू नये, एवढी साधी गरज असते. पहिल्या भेटीतलं सोंग नेमकी हीच सोय मोडून ठेवतं. ज्याला गिर्यारोहक समजून पसंत केलं, त्याला गुडघेदुखीची तक्रारही करता येत नाही.

म्हणून भेटीला जाणाऱ्या तरुण-तरुणींना इतकंच सांगावंसं वाटतं. चांगले कपडे घाला, चांगला फोटो निवडा, आपल्या जमेच्या बाजू मोकळेपणानं सांगा. बोलताना चार शब्द रंगवून सांगितले तरी हरकत नाही. पण वय, लग्न झालेलं आहे की नाही, उपजीविका, मुलंबाळं, आजार, आणि या नात्यातून आपल्याला काय हवं आहे, या गोष्टींवर समोरच्याचा निर्णय उभा राहतो. त्या बाबतीत खरं तेच सांगा आणि मन गुंतायच्या आधी सांगा. खरं ऐकून नकार आला तर वाईट वाटेल, पण तो नकार तुमच्या खऱ्या परिस्थितीकडे पाहून दिलेला असेल आणि तो देण्याचा समोरच्याला पूर्ण हक्क आहे. आणि होकार आला, तर तो जपण्यासाठी दुसऱ्या दिवसापासून एकही गोष्ट लपवावी लागणार नाही.